नळ, छप्पर आणि चार डॉलरचं जेवण

सिंगापूरला नव्याने आलेला देशी इंजिनीअर पहिले दोन-तीन महिने फक्त गुणाकार करत असतो. कॉफी अमुक डॉलर, म्हणजे रुपयात किती... बाप रे! मीही केला. ऑफिसखालच्या एसी हॉटेलात एका जेवणाला पंधरा-सोळा डॉलर मोजताना घास घशाखाली उतरेना. चौथ्या दिवशी टीममधल्या एका चिनी सहकाऱ्याला माझी दया आली असावी. तो मला चालत मॅक्सवेल फूड सेंटरला घेऊन गेला.

उंच छप्पर, भिंती नाहीतच, डोक्यावर गरगरणारे पंखे, जमिनीत पक्की बसवलेली टेबलं आणि स्टुलं, आणि कपाटाएवढ्या टपऱ्यांच्या रांगा. टपरीवर म्हातारा असेल तर तो 'अंकल', म्हातारी असेल तर 'आंटी', म्हणजे आपलं काका-मावशीच. चिकन राइस तेव्हा तीन डॉलरला मिळाला. आज बहुतेक ठिकाणी चार-साडेचार पडतात. माझ्या डाव्या हाताला टाय खिशात कोंबलेला बँकवाला, समोर पँटवर रंगाचे डाग पडलेला पेंटर, आणि तिघांच्याही पुढ्यात तीच ताटली. जागा कशी धरायची तेही त्याच दिवशी कळलं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि बिनधास्त रांगेत जायचं. याला इथे 'चोप' करणं म्हणतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच. मी त्या क्षणी या देशाचा झालो :)

पण इतकं स्वस्त कुठे काही मिळालं की आमच्यातल्या डीबगरला झोप येत नाही. खर्च गायब होत नाही, तो कुणीतरी भरत असतो. इतक्या महागड्या शहरात, मोक्याच्या जागेवर चार डॉलरमध्ये पोटभर जेवण? मधली तफावत कोण भरतंय? हे शोधता शोधता माझे बरेच शनिवार-रविवार खर्ची पडले.

तर सुरुवातीपासून. 1819 मध्ये ब्रिटिशांनी इथे बंदराचा डाव मांडला आणि दक्षिण चीन, तमिळ मुलूख, जावा, मलाया अशा चहूकडून माणसं येऊन पडली. त्यात बहुतेक एकटे पुरुष: हमाल, रिक्षा ओढणारे, गोदीतले मजूर. एकेका खोलीत दाटीवाटीने झोपायचं, स्वयंपाकाला जागा नाही आणि दिवसभर राबून आल्यावर ताकदही नाही. अशा माणसाला रस्त्यावरच जेवावं लागतं. ज्याला दुसरं काम मिळालं नाही तो जेवण विकायला लागला. खांद्यावर कावड, तिच्या एका टोकाला पेटलेली शेगडी, दुसऱ्या टोकाला भांडी, की झालं हॉटेल. नूडल्सवाल्याचा पोऱ्या पुढे जाऊन बांबूच्या दोन पट्ट्या टोक-टोक वाजवायचा, म्हणून त्या नूडल्सचं नावच 'टोक-टोक मी' पडलं. कुल्फीवाल्याची घंटा आठवा.

सरकारच्या दृष्टीने ही मंडळी म्हणजे डोकेदुखी. रस्ता अडतो, खरकटं गटारात जातं, आणि पाणी नाही म्हणून दिवसभराच्या बश्या एकाच बादलीत बुचकळून निघतात. कॉलरा आणि विषमज्वराची भीती खरी होती. 1931 मध्ये एक समिती बसली, 1950 मध्ये चौकशी आयोग बसला. प्रश्न तोच: यांना हाकलायचं, तर गरिबाने खायचं कुठे आणि यांनी जगायचं कसं? तोवर उत्तर म्हणजे धाडी. फेरीवाले या तपासनिसांना चिनी बोलीत 'ते गू' म्हणत. अर्थ 'जमिनीवरचा बैल', तुमच्या मनात आला तो नव्हे. मात्र भावना साधारण तीच असावी.

इथे मला थांबून मामाबद्दल सांगायला हवं.

माझा सख्खा मामा आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडबाहेर भजी-वड्याची हातगाडी लावायचा. शाळेला सुट्टी लागली की मी कांदे चिरायला. दुपारी कधीतरी कोपऱ्यावरचा पानवाला शिट्टी मारायचा, म्हणजे अतिक्रमणवाले आले. मग मामा उकळत्या तेलाची कढई तशीच दोन फडक्यांनी उचलून मागच्या बोळात पळायचा आणि मी परात घेऊन त्याच्या मागे. एकदा तेल हिंदकळून त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तीन वेळा गाडी जप्त झाली. दंड भरून परत आणली तेव्हा एकदा चाक नव्हतं, एकदा शेगडी. भज्यांबद्दल मात्र कुणाची कधीच तक्रार नव्हती. त्यामुळे 'ते गू' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं आणि लगेच त्या तेलाचा वासही आला.

सिंगापूरने पुढे काय केलं? 1965 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा नोकऱ्या कमी आणि रस्त्यावर विक्रेते उदंड. 1968-69 मध्ये त्यांनी सगळ्या बेटावर फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि सुमारे 18,000 जणांना तात्पुरते परवाने दिले. माझ्या मते सगळी गंमत या पायरीत आहे. आधी मोजलं, मग हलवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मायग्रेशनच्या आधी डेटा साफ केला. 1971 पासून नळ, वीज, गटार आणि छप्पर असलेली हॉकर सेंटर बांधायला घेतली आणि 1986 पर्यंत रस्त्यावरचे जवळपास सगळे विक्रेते त्यांत गेले. सौदा साधा होता: तू रस्ता सोड, मी तुला ओटा देतो, आणि भाडं तुला झेपेल इतकंच घेतो.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र समजू नका. जे हलायला तयार नव्हते त्यांच्यामागे खास पथकं होती, मालही जप्त व्हायचा. नवीन जागी गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून कुरकुर होती. 1977 मध्ये ली क्वान यू यांनी दहा वर्षांत नदी स्वच्छ करायचा हुकूम सोडला. त्या मोहिमेत नदीच्या परिसरातले जवळपास 5,000 फेरीवाले उठले. काठावर रॉकेलच्या दिव्यात नूडल्स परतणारं ते जुनं सिंगापूर तिथेच संपलं. आजही जुनी माणसं सांगतात की ती चव राहिली नाही. असेलही. पण कढई घेऊन पळणारा माणूस ज्याने पाहिलाय, त्याला चवीचं एवढं सुतक वाटत नाही.

मामाला फोनवर हे सगळं अगदी रंगवून सांगितलं होतं. पक्का ओटा, सरकारी छप्पर, महिना ठरलेलं भाडं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नळाला पाणी किती वाजता येतं?" दिवसभर असतं म्हटलं. "मग तो कितीही भांडी घासंल," मामा म्हणाला.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात मुंबईत फेरीवाला क्षेत्रं ठरवण्याचा मार्ग घालून दिला. 2014 मध्ये देशभरासाठी कायदा आला: सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, वॉर्डाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, आणि सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवू नका. कागदावर मला तो सिंगापूरपेक्षाही माणुसकीचा वाटतो, कारण तो विक्रेत्याला रस्त्यावरच हक्क देतो. फक्त त्यात नळ नाही. (सव्वाशे-दीडशे कोटींचा देश आणि एक टीचभर बेट यांची तुलना करू नये हे मला कळतं. तरी माणूस करतोच.)

आता तफावतीकडे. सरकारने हे दयेपोटी केलं असं मला वाटत नाही, तो चोख हिशोब होता. लोकांना झोपड्यांतून आणि चाळवजा घरांतून काढून एचडीबीच्या इमारतींत बसवायचं, नवरा-बायको दोघांनी कारखान्यात किंवा ऑफिसात जायचं. मग रांधणार कोण? म्हणून वसाहतीच्या जोडीला बाजार आणि हॉकर सेंटर. जेवण स्वस्त राहिलं की कामगाराचं भागतं, आणि त्याचं भागलं की पगार आटोक्यात राहतो. जागेची खरी किंमत सरकारने सोसली. रस्त्यावरून आलेल्या पहिल्या पिढीच्या हॉकरला सवलतीचं भाडं लावलं. महिना 320 डॉलर किंवा त्याहूनही कमी, या शहरात! नंतर आलेल्यांनी निविदा भरून गाळा घ्यायचा, त्यांचं भाडं याच्या कितीतरी पट. म्हणजे एकाच रांगेत शेजारी-शेजारी, त्याच आकाराच्या दोन टपऱ्यांची गणितं अगदी वेगळी. गिऱ्हाईकाला ते दिसत नाही. तो दोघांकडेही चार डॉलरच काढतो.

एका छपराखाली आल्याने खाण्याचंही भलं झालं. मी गोरेंग घ्या. चिनी पिवळ्या नूडल्स, नाव मलाय, आणि बनवणारा भारतीय मुसलमान, त्यात टोमॅटो केचप आणि मिरची. भारतात शोधून सापडणार नाही. आपल्या गोबी मंचुरियनचा हा समुद्रापलीकडचा चुलतभाऊ. तो खायला मी टेक्का सेंटरला जातो. तिथला जुना बाजार रस्त्याच्या पलीकडे होता, त्याचं नाव कंदांग करबाव, म्हणजे म्हशींचा गोठा. त्या भागात एकेकाळी गुराढोरांचाच व्यापार होता. म्हशींच्या गोठ्यावरून आलेल्या बाजारात बसून एकीकडे बिर्याणी, दुसरीकडे बदकाचा भात. हलाल ताटल्या वेगळ्या, परतीचे कप्पे वेगळे, टेबल एकच.

माझी नेहमीची जागा मात्र घराखालचं साधं हॉकर सेंटर. तिथे कोपऱ्यावर एक अंकल 'चाय तौ क्वे' करायचे. इंग्रजीत याला कॅरट केक म्हणतात, पण त्यात गाजर नाही आणि तो केकही नाही. तांदळाचं पीठ आणि पांढरा मुळा एकत्र वाफवून वडी पाडायची, मग अंडं, लसूण आणि खारवलेला मुळा घालून लोखंडी तव्यावर खरपूस परतायची. पहिल्या घासालाच मी म्हटलं, अरे, ही तर कोथिंबीर वडीची लांबची नातेवाईक! साडेतीन डॉलर. अंकलचा उजवा दंड डाव्याच्या दीडपट होता, झाऱ्याच्या कामाने. त्यांचे वडील कावड घेऊन फिरायचे, गाळा वडिलांना मिळालेला, मग त्यांच्याकडे आला. पहाटे चारला येऊन वड्या वाफवायच्या. मुलगा काय करतो विचारलं तर म्हणाले, "आयटी. तुझ्यासारखाच."

2016 मध्ये मिशेलिनने इथल्या दोन टपऱ्यांना एकेक तारा दिला आणि जगभर बातमी झाली. त्यातल्या चायनाटाउनमधल्या एका ठिकाणी दोन डॉलरला सोया सॉस चिकन मिळायचं. लोक तासन् तास रांगा लावू लागले. (तो तारा 2021 मध्ये गेला.) 16 डिसेंबर 2020 ला युनेस्कोने इथली हॉकर संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. छानच झालं. पण तेव्हाही हॉकरांचं सरासरी वय साठीच्या घरात होतं. सरकार शिकाऊ मुलांसाठी योजना काढतंय, 2011 नंतर पुन्हा नवी सेंटरही बांधायला घेतली. मुलं येतात, काही टिकतात. बाकीची गणित करतात. पहाटे चार ते दुपारी दोन, भट्टीपुढे, आणि पन्नास सेंट वाढवले की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

मी केलं होतं. अंकलने साडेतीनचे चार केले तेव्हा मी गमतीत म्हटलं, "काय अंकल, महागलात!" अंडी, तेल, गॅस सगळं महागलं, असं त्यांनी झारा न थांबवता सांगितलं. त्याच सकाळी मी त्या ताटलीच्या दुप्पट किमतीची कॉफी पिऊन आलो होतो. म्हणजे तफावत भरणाऱ्यांत सरकार होतं, तसे अंकलही होते. मी नव्हतो.

गेल्या महिन्यात शटरवर चिनी आणि इंग्रजीत हाताने लिहिलेला कागद दिसला. निवृत्त होतोय, इतक्या वर्षांबद्दल आभार. शेजारची कोपीवाली आंटी म्हणाली, गुडघे गेले त्याचे. मुलगा नाही घेणार का, हे मी विचारलं नाही. मामाची गाडीही कुणी घेतली नाही. त्याने मलाच विचारलं होतं, अर्धं थट्टेत, मी कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करत होतो तेव्हा.

गाळा अजून बंद आहे. सध्या त्याच सेंटरमध्ये दुसऱ्या टोकाला मी गोरेंग मिळतं, पण अंडं कमी घालतात. तेव्हा येत्या शनिवारी टेक्का. सिंगापुरात असाल तर सकाळी नऊच्या आत या, नंतर बसायला जागा मिळत नाही. टिश्यूचं पाकीट मी टाकून ठेवतो.