दोन प्रोसेसर, एक वही

कर्नलचा लॉग वाचताना कधी असं झालंय का, की कोणी दोन वर्तमानपत्रं कापून एकत्र चिकटवलीयत? खारीच्या नाक्यावर पत्ता विचारावा आणि दोन रिक्षावाल्यांनी एकदम सांगायला सुरुवात करावी, तसं. दोघंही बरोबर असतात, आपण मात्र चुकीच्या गल्लीत.

लिनक्स कर्नलला काही सांगायचं असलं की तो प्रिंटके नावाच्या फंक्शनला हाक मारतो. मजकूर एका गोल वहीत जातो आणि तिथून पडद्यावर. प्रोसेसर एक होता तोवर फारशी कटकट नव्हती. जून १९९६ मध्ये २.० आलं आणि लिनक्स अनेक प्रोसेसरवर चालू लागलं. हे काम अ‍ॅलन कॉक्सचं, तेही काल्डेरा कंपनीने दिलेल्या जोड-पेंटियम बोर्डावर. तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच मोठं कुलूप होतं, म्हणजे एका वेळी एकच प्रोसेसर आत. संथ, पण गोंगाट कमी :) पुढे ते कुलूप फोडून छोटी छोटी कुलपं आली (मोठं पूर्ण गेलं २०११ मध्ये, २.६.३९ ला) आणि सगळे एकदम बोलू लागले.

आता प्रिंटकेला स्वतःचं कुलूप होतंच, मग ओळी मिसळतात का? कारण ते एका हाकेपुरतं. प्रोग्रामरांची जुनी सवय अशी की आधी 'हॉल्ट सूचना तपासतोय...' छापायचं, काम करायचं, मग 'ओके' छापायचं. या दोन हाकांच्या फटीत दुसरा प्रोसेसर घुसतो. शिवाय प्रत्येक निरोपाच्या आधी <०> ते <७> अशी महत्त्वाची खूण असते. २.६ च्या काळात ती ओळीच्या सुरुवातीला असेल तरच कर्नल ओळखायचा, मध्येच आली की तशीच छापायचा. म्हणून ओळीच्या पोटात <६> दिसला तर तो कचरा समजू नका, तो शिवणीचा टाका आहे. तिथून दुसरा बोलणारा सुरू.

या टाक्यांचा मला मागच्या महिन्यात उपयोग झाला. भाईंदरमधल्या एका ओळखीच्या गाळ्यात जुनं २.६ वालं यंत्र आहे, बऱ्याच वर्षांचा हिशेब त्याच्यावर. ते मधूनच मान टाकायचं. लॉगमध्ये डिस्कची अर्धी तक्रार, <६>, नेटवर्क कार्डाची ओळ, मग डिस्कचं उरलेलं. सगळ्यांचा संशय कार्डावर, कारण पूर्ण वाचता येत होती ती त्याचीच ओळ. तुकडे जोडले तर तक्रार डिस्कची, आणि तीच आधी सुरू झालेली. कार्ड बदलून गप्प बसलो असतो तर हिशेब गेला असता.

कर्नल मरताना मात्र अक्षरंसुद्धा मिसळू शकतात, कारण तेव्हा कुलूप मुद्दाम मोडलं जातं. किल्ली मेलेल्या प्रोसेसरकडे असेल तर वाट बघण्यात काहीच छापलं जाणार नाही. मला हे पटतं. मुकं मरण्यापेक्षा बोबडं बोललेलं बरं.

आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये केलेल्या परम ८००० मध्ये हे भांडण त्या रूपात नव्हतंच. तिथे प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी वेगळी, निरोप जोडतारांवरून, वही सामाईक नाहीच. पुढच्या परम पद्ममध्ये (जून २००३ च्या टॉप ५०० यादीत १७१ वा) २४८ प्रोसेसर होते, आणि त्यातल्या बहुतेक नोडमध्ये चार-चार जण एकाच मेमरीवर. म्हणजे आलंच की पुन्हा शेजारपण!

लिनक्सची दुरुस्ती तुकड्यातुकड्याने झाली. २०१२ मध्ये ३.५ ला वहीत सलग मजकुराऐवजी सुट्या नोंदी आल्या. २०१६ मध्ये ४.९ पासून 'ही आधीच्या ओळीचीच पुढची' अशी खूण नसेल तर सरळ नवी ओळ. २०१९ मध्ये ५.१ ला बोलणाऱ्याचा क्रमांक छापायची सोय झाली. डिसेंबर २०२० मध्ये ५.१० ला जॉन ओग्नेसची बिनकुलपाची वही आली. ओग्नेस रिअल-टाइम लिनक्सच्या चमूतला. २००४ च्या सुमारास सुरू झालेलं ते रिअल-टाइमचं काम मुख्य कर्नलमध्ये यायला नोव्हेंबर २०२४ चं ६.१२ उजाडलं, आणि शेवटपर्यंत अडून बसलेला भाग कोणता, तर हाच प्रिंटके.