हाडे काय सांगतात?

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. पण ज्या काळी लिहिणेच नव्हते, त्या काळच्या माणसाचा इतिहास शोधायचा कुठे? त्याच्या उकिरड्यात!

समजा, तळोजा-पनवेलकडच्या डोंगरात, वस्तीपासून तीन कोसांवर, पाच-सहा मणांचे सांबर पडले. चार माणसे ते अख्खे वाहून आणणार कशी? मग जागेवरच पोट फाडायचे, कातडे सोलायचे आणि गुडघ्याखालचे पाय सोडवायचे. तिथे मांस नाहीच. हाड, शिरा आणि खूर! हाड तोडायला कुऱ्हाड लागते; पण सांधा बरोबर हेरला की गारगोटीची धारदार कपचीही पुरते. तिचे बारीक चरे मात्र सांध्याजवळ उमटतात आणि हजारो वर्षे टिकतात.

आता तुर्कस्तानातील सुबेर्दे या अश्मयुगीन गावाची गोष्ट पाहा. तिथे रानबैलांच्या पायांची हाडे पुष्कळ, पण मांड्या-खांद्यांची थोडी. शेळ्यामेंढ्यांची मात्र दोन्ही सापडली. पर्किन्स आणि डेली या संशोधकांनी १९६८ साली त्याचा अर्थ लावला. मोठे जनावर शिकारी रानातच कापीत, जड हाडे तिथेच टाकीत आणि मांस कातड्यात बांधून ओढीत आणीत. पाय कातड्यालाच ठेवले की ओढायला मूठ मिळे! लहान जनावर मात्र अख्खेच घरी येई.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराची ही शेतकऱ्यांची वस्ती. गाईगुरे आणि शेळ्यामेंढ्या पाळणारे हे लोक हरणांची शिकारही करीत. तशी हाडे तेथे मिळाली आहेत.

याच इनामगावात घराच्या जमिनीखाली पुरलेल्या प्रौढ माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. मेलेल्याने चालत निघून जाऊ नये म्हणून तसे केले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे बघा, सांबराचा पाय तोडला तो ओझे हलके व्हावे म्हणून. माणसाचा तोडला तो बहुधा मायेने किंवा भयाने. घाव कसा घातला हे हाड सांगते. का घातला, हे आजूबाजूच्या साऱ्या खुणा जुळवूनच कळते.

म्हणून एक विनंती. शिकारीचे दिवस गेले. १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांना संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. पण गावाच्या जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात नेताना हाडे, खापरे, गारगोटीच्या कपच्या दिसल्या, तर काम जरा थांबवा. वस्तू जागची हलली की तिची साक्ष निम्मी बुडाली! गुरुजींनी मुलांना ती जागा दाखवावी, टिपण करावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. आपल्या पूर्वजांनी पत्र लिहून ठेवले नाही. जे ठेवले ते एवढेच आहे.