रंग काढण्याचा इतिहास

मंडळी, रंग लावण्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, काढण्याबद्दल फारसं नाही. म्हणून या वीकेंडला विषय गाडीच्या चाकांचा.

आमचं संगमनेर पुणे-नाशिक रस्त्यावरचं, त्यामुळे गॅरेजांना तोटा नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, तिचीच पुढे झालेली पद्मिनी, शिवाय अँबॅसिडर. सगळ्यांची चाकं पोलादी. रंग उडाला की कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइड मारा, वर चंदेरी रंग. पोलादाला कॉस्टिकने काही होत नाही.

मग अलॉय आले. (जगात तसे जुनेच. बुगाटीच्या टाइप ३५ ला १९२४ साली होते!) यांच्यावर पारदर्शक लॅकर असतं. खडी लागून टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली अळीसारख्या पांढऱ्या रेघा पसरतात. वरून नवा रंग मारला तर टिकत नाही. जुना काढावाच लागतो.

इथेच गोची. अलॉय म्हणजे बहुधा अ‍ॅल्युमिनियम. सोड्याने काळं पडलेलं पातेलं आठवतंय ना? तेच इथे. कॉस्टिक रंगाबरोबर धातूही खातं, वर हायड्रोजन सोडतं. ज्योतीने जाळावं तर चाकाची ताकद उतरते. थोडक्यात, प्लॅटफॉर्म बदलला पण स्क्रिप्ट जुनीच!

मग वाळूचा फवारा? टिल्घमन नावाच्या अमेरिकनाने १८७० साली त्याचं पेटंट घेतलं. पण वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने या कामात वाळू वापरायला १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. वाळूऐवजी काचेचे किंवा प्लॅस्टिकचे बारीक मणी बंद पेटीत वापरता येतात.

डायक्लोरोमिथेनवालं पेंट रिमूव्हर रंग झटपट सोडवतं, पण बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं मेली आहेत. अमेरिकेने २०१९ साली सामान्य ग्राहकांना ते विकणं बंद केलं.

तेव्हा चाकं द्यायला जाल तेव्हा भाव विचाराच, पण रंग कशाने काढणार आणि काढणाऱ्याच्या तोंडावर मास्क कुठला, तेही विचारा. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.