गंगाखेडचा भोई, पुण्याचा बंधारा

सन 1873, कार्तिक महिना. पूर ओसरलाय, पण गंगेला अजून ओढ आहे. गोदावरी हे नाव सरकारी कागदात, तुमच्या तोंडी गंगाच. तुम्ही गंगाखेडचे भोई. ऐल काठावरून बाजारकरी घ्यायचे, पैल काठावर सोडायचे. कधी वऱ्हाड, कधी शेळ्या, कधी भांबावलेलं एखादं वासरू. बांबू तळाला टेकतो तोवर बांबूनं रेटायचं, टेकेनासा झाला की वल्हं. मजुरी बहुतेकदा सुगीला, जवारीत. खांद्यावर घट्टे आहेत ते मात्र वल्ह्याचे नव्हेत, मेण्याच्या दांड्याचे. नदीवर काम नसेल तेव्हा भोयानं माणसं वाहायची ती खांद्यावर.

असाच एक सावकार तुम्हाला घेऊन निघालाय. परभणी, जालना, औरंगाबाद, पुढं नांदगाव. परभणीला रेल्वे यायची ती विसाव्या शतकाच्या तोंडावर, म्हणून आगगाडी गाठायला इतकं चालायचं. नांदगावला निजामाचं राज्य मागं पडलेलं असतं आणि कनवटीचे हाली शिक्के एकदम हलके होतात. इथं इंग्रजी कलदार चालतो, आणि शंभर कलदारांना शंभराहून बरेच जास्त हाली मोजावे लागतात. बाकीचे भोई इथून परततात. तुम्हाला सावकार सामानासाठी ठेवून घेतो. कसारा, कल्याण, मग बोरघाट. चढावर मध्येच गाडी थांबते, इंजिन पुढचं मागं लावतात आणि गाडी उलट्या तोंडानं चढू लागते. डब्यातली बाई देवाचं नाव घेते. तुम्हीही.

पुण्यात सावकाराचं काम पेठेत. एक दिवस मोकळा मिळतो आणि तुमचे पाय नदी शोधतात. मुळा-मुठेवर मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंच्या पैशांतून बांधलेला बंधारा आहे, त्यामुळं वरचं पाणी खोल आणि संथ. पलीकडे येरवड्याला दगडी मनोऱ्याचं डेक्कन कॉलेज, पाच वर्षांपूर्वी नव्या जागेत आलेलं. त्यालाही जमशेटजींचीच देणगी. एकाच माणसानं पोरांना शाळाही दिली आणि उनाडायला पाणीही!

त्या पाण्यावर नावा दिसतात आणि तुमचं काहीतरी चुकल्यासारखं होतं. नाव शेळीसुद्धा उभी राहणार नाही इतकी अरुंद. वल्हवणारे पाठमोरे, म्हणजे जायचं तिकडं पाठ आणि सुटलेल्या काठाकडं तोंड. तुमच्या गंगेत असं बसला तर पहिल्या खडकावर नाव फुटेल. त्याहून मोठं कोडं पुढंच. नावेत उतारू नाही, माल नाही. पोरं घाम गाळत वर जातात, नाव वळवतात आणि निघाली त्याच काठाला परत लागतात.

काठावर नावा धुणारा एकजण तुमच्याकडं बघतो. ‘काय पाव्हणं, कुठलं?’

‘गंगाखेड. मोगलाईतला. भोई.’

‘मग बसा की. तुमच्याच धंद्याची मौज चाललीय.’

ही मौज विलायतेहून आलेली. याच वर्षी 29 मार्चला लंडनला फुटबॉलच्या चषकाचा दुसरा अंतिम सामना झाला. तो सकाळी उरकला, कारण त्याच दिवशी टेम्सवर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची नावांची शर्यत होती आणि प्रेक्षकांना दोन्ही बघायचं होतं. ऑक्सफर्डचा संघ मैदानात वाँडरर्सकडून 2-0 हरला आणि नदीत केंब्रिजकडून. खेळणारे सगळे घरचं खाऊन खेळणारे. त्यांना फुटबॉलचा चेंडू आणि वल्हं दोन्ही सारखीच हौस.

आता काठावरच्या पोरांत एक ओळखून ठेवा. सतरा वर्षांचा, रत्नागिरीकडचा, अंगानं किरकोळ. गेल्याच वर्षी वडील वारले, लग्न त्याही आधी झालेलं. बाळ गंगाधर टिळक. कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यानं पुस्तकांना नव्हे, शरीराला दिलंय. सकाळी तालीम, कुस्ती, मग नदी. वल्हं मारून झालं की पाण्यात उडी, आणि तो लवकर बाहेर येत नाही. तुम्ही पट्टीचे पोहणारे, दाद द्यायला तुम्हाला शब्द लागत नाहीत. भूकही तशीच, खाणावळीत त्याचं पान लवकर उठत नाही. औषधाच्या बाटल्या बाळगणारी नाजूक पोरं त्याला टरकून असतात, कारण तो बाटल्याच भिरकावून देतो आणि तालमीत चला म्हणतो. वर्षाच्या शेवटी तो परीक्षेत नापास होणार आहे. घरचे चिडले असतील तर त्यात गैर काही नाही. पुढं बी.ए. पहिल्या वर्गात होईल, तेव्हा सगळे हे विसरतील. मंडालेच्या तुरुंगात 1908 ते 1914 काढताना कामी आलं ते या वर्षाचं व्याज, असं मला वाटतं. पलीकडचा येरवड्याचा तुरुंगही त्याला 1898 साली आतून दिसणार आहेच.

पण आपण तुमचं बोलत होतो. विलायतेतल्या हेन्ली गावी 1879 साली नियम होईल: ज्यानं पैशासाठी नावेवर काम केलंय तो हौशी नव्हे, कारागीरही हौशी नव्हे, मजूरही नव्हे, अशानं शर्यतीत उतरू नये. साहेबानं कारण सांगितलं असेल ते असेल, मला त्यात भीती दिसते. रोज वल्हं मारणाऱ्या हातापुढं हौशी हात टिकतील कसे? आपल्याकडं असा नियम लिहायची गरजच नव्हती. ब्राह्मणाचा पोरगा वल्ह्याला बसला तर तो व्यायाम, भोई बसला तर ते बलुतं, हे कुणी न लिहिता सगळ्यांना पाठ. त्या पोराचं मला कौतुक वाटतं ते इथं: पोथी सांभाळणाऱ्या घरातून येऊन त्यानं तळहाताला फोड येऊ दिले. तुमचे फोड कुणी मोजले नाहीत, तेही खरंच.

ऊन कलतं. नावा धुणारा पुन्हा विचारतो, राहता का इथंच? माणूस हवाय, पाणी कळणारा. काम सोपं, नावा काढायच्या, पुसायच्या, साहेब बुडाला तर वर घ्यायचा. हो म्हणालात तर हेन्लीच्या वहीत तुमचं नाव कायमचं बाद. तसंही ते नव्हतंच. सावकाराला काय सांगायचं ते रात्री ठरवा. पगाराचं मात्र आत्ताच बोलून घ्या, आणि कलदारातच. हाली नको म्हणावं.