कुरट्याभोवतीची खडपं

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली आणि कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं. संग्रामपूरच्या शाळेत मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, जवळपास तीन किलोमीटरचा नागमोडी तट, पायात ओतलेलं शिसं, हिरोजी इंदुलकरांची देखरेख. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट. आमची वान नदी पूर्णेला, पूर्णा तापीला मिळून समुद्र गाठते, पण तो समुद्र पोरांनी कधी पाहिलेला नसतो. शत्रूची जहाजं किल्ल्याला का भिडत नव्हती, असं ती हमखास विचारत. पाठ्यपुस्तकाचं उत्तर एका शब्दाचं: खडक.

त्या शब्दाचा अर्थ मालवणच्या होडीत उलगडला. तांडेल म्हणाला, "गुरुजी, फेस दिसता थंय खडप आसा. काळा पाणी दिसता थंय वाट."

लाट दूरच्या वाऱ्यानं उठते आणि खोल पाण्यात न फुटता शेकडो मैल येते. खालचा तळ उथळ झाला की तिचा पाय अडखळतो, माथा पुढं जातो आणि ती फुटते. कातळ हळूहळू चढत असेल तर लाट माथ्यावरून सावकाश ओघळते. एकदम उभा असेल तर ती पोकळ होऊन आदळते. भरतीला खडप बुडतं, लाट वरून गुपचूप निघून जाते. ओहोटीला तीच जागा फेसाळते. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं, अष्टमीची मंद भरती, म्हणजे भांग, वेगळी. म्हणजे कुरट्याभोवतीची वाट तिथी आणि प्रहर पाहून उघडते नि मिटते. हे वेळापत्रक ज्यांना पाठ होतं, ते गाबीत, भंडारी, कोळी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. माझ्या मते सिंधुदुर्गाचा पहिला तट यांच्या डोक्यात होता. दगडाचा तट दुसरा. अर्थात खडपांनाही मर्यादा असते: १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतलाच आणि त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं.

लाटेशी आता खेळही चालतो: आज गोव्यात आश्वे-मोरजीला मुलं फळीवर उभी राहून लाटेवर स्वार होतात. तिथं खाली वाळू आहे. कातळावर हा खेळ करायचा तर तांडेलाचंच शास्त्र लागतं. आधी किनाऱ्यावर बसून लाटांचे दोन-चार घोळके जाऊ द्यावेत, फेस कुठं उठतो ते पाहावं. नवशिक्यानं हळू चढणाऱ्या कातळावरची, अर्ध्या भरतीनंतरची लाट घ्यावी. आत जाताना नि परतताना न फुटणाऱ्या पाण्याची वाट धरावी. पडलं तर पसरून, पृष्ठभागालगत पडावं; पाय खाली सोडून चाचपू नये. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे, तेव्हा पाय न टेकणं हे प्रवाळांसाठीही हवं. आणि पावसाळ्यात मुळीच नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत जुने लोक दर्यात होडी घालत नसत, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

आता ट्रॉलरवर जीपीएस असतं. खडपांच्या खुणा तोंडपाठ असलेले तांडेल म्हातारे होत चालले आहेत. मालवणच्या शाळांतल्या मुलांनी वह्या घेऊन त्यांच्यापाशी बसावं. कोणतं खडप कुठल्या तिथीला उघडं पडतं, किनाऱ्यावरचं कोणतं झाड नि कोणतं देऊळ एका रेषेत आलं की होडी वळवायची, हे सगळं लिहून घ्यावं.