बाळसे, टीट आणि तराजू

मूल हौसेने नटवावे, पण त्याच्या रूपाचा उच्चार मोठ्याने करू नये, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. संक्रांतीनंतर बोरन्हाणाला बाळाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात. पण त्याच वेळी गालावर काजळाची टीट लावतात आणि मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढतात. शिरपुरातल्या एखाद्या ओसरीवर पाहुणीने बाळाला 'गुटगुटीत' म्हटले, तर आजी अजूनही जराशी सावध होते. मग याच समाजात बाळांना ओळीने बसवून त्यांचे नंबर काढण्याची चाल आली कोठून?

तिचा माग अमेरिकेतील जत्रांपर्यंत जातो. १८५५ साली न्यूयॉर्कला बार्नम या खेळवाल्याने बाळांचे प्रदर्शन भरवून त्यावर पैसा केला. पुढे १९११ साली आयोवाच्या कृषिप्रदर्शनात गुरांप्रमाणेच बाळांनाही गुणपत्रक लावून तपासण्यात आले. निवडक वंशच वाढावा, या घातक विचाराचा वास त्या चळवळीला होता. तथापि आजारी नसलेले मूल डॉक्टरकडे न्यावे, ही नवी सवयही तिनेच लावली.

आपल्याकडे ही कल्पना आली ती बालमृत्यूच्या धास्तीने. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद झाली. बाळंतपणासाठी स्त्रिया गावी जात व जन्म तिकडे होत, म्हणून हा आकडा फुगलेला होता. पण ती वजाबाकी करूनही उरे ते भयंकरच होते. १९२४ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांनी राष्ट्रीय बालसप्ताह सुरू केला. त्यात व्याख्याने, प्रदर्शने आणि बाळांच्या स्पर्धा असत. बक्षीस हे निमित्त होते, खरे काम व्याख्यानाचे. अडचण एवढीच, की बक्षिसाच्या आशेने येणार ती धष्टपुष्ट बाळाची आई. जिला सल्ल्याची गरज, ती घरीच बसणार.

पुढे ही जागा डबाबंद दुधाच्या विक्रेत्यांनी ओळखली. जाहिरातींतल्या गुबगुबीत बाळामुळे 'ग्लॅक्सो बेबी' हा शब्द घरोघर रुजला, आणि आईच्या दुधावर नीट वाढणारे सडपातळ मूल उगाचच 'हडकुळे' ठरू लागले. अखेर १९९२ च्या कायद्याने अशा भुकटीच्या जाहिरातीला बंदी केली. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे आहारही त्या बंदीत आणले.

दरम्यान १९७५ पासून अंगणवाडी आली आणि तराजू गावात पोहोचला. २०२२ साली केंद्र सरकारने देशभर 'स्वस्थ बालक-बालिका स्पर्धा' घेतली. तिच्यात वय, उंची व वजन यांचा मेळ पाहिला गेला. रूपाकडून मापाकडे झालेला हा प्रवास लहान नव्हे.

तरीही जुनी अडचण संपलेली नाही. शिरपूर तालुका तापीकाठच्या काळ्या जमिनीपासून सातपुड्यातील पावरा-भिल्लांच्या पाड्यांपर्यंत पसरला आहे. मजुरीसाठी आईबापांबरोबर परगावी गेलेले मूल वजनाच्या दिवशी गावात नसते. ज्याचे वजन घटले, त्याच्या आईला चारचौघींत खाली पाहावे लागले, तर पुढल्या खेपेस तीही येणार नाही. टीट लावणाऱ्या आजीला हे भय शास्त्र न शिकता ठाऊक होते: मुलाची दुसऱ्याशी तुलना केली, की कुणाचे तरी मूल उणे ठरते. तराजू हवाच, पण त्याच्या दुसऱ्या पारड्यात शेजारणीचे मूल नको, त्याच मुलाचे मागल्या महिन्याचे वजन असावे.