घरी काळजीवाहक ठेवताय? आधी कागद बघा, मग रोज वही बघा

दवाखान्यातून "आता पेशंट घरी न्या" असं सांगितलं की घरच्यांची खरी परीक्षा सुरू होते. कुणाला लकवा मारलेला असतो, कुणाच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं, तर कुणी वयामुळं अंथरुणाला खिळलेलं असतं. पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला आणि घरातली बाकीची माणसं शेतात. मग ब्युरोला फोन करून 'मावशी' किंवा 'सिस्टर' बोलावली जाते. पण येणारं माणूस काय शिकलेलं आहे, त्याला काय करता येतं आणि काय करू द्यायचं नाही, हे बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही.

ब्युरोवर लक्ष कुणाचं?

घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी आणि त्यांना किमान दर्जाचे नियम लागू व्हावेत, अशी तरतूद असलेलं ज्येष्ठ नागरिक कायद्याचं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली. दवाखान्यात निदान वरचे डॉक्टर, मेट्रन तरी असतात. घरात कुणीच नसतं. त्यामुळं घरी येणाऱ्या सेवेचा दर्जा घरच्यांनाच तपासावा लागतो.

कोण काय करू शकतं?

- काळजीवाहक (मावशी, वॉर्डबॉय, अटेंडंट): अंघोळ, कपडे, डायपर, जेवण भरवणं, कूस बदलणं, चालवणं, डॉक्टरांनी लिहिलेली तोंडावाटेची औषधं वेळेवर देणं. इंजेक्शन, सलाईन, नळी बदलणं ही यांची कामं नाहीत.
- नर्स (एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग): इंजेक्शन, ड्रेसिंग, लघवीची नळी बसवणं ही कामं डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार. महाराष्ट्रात काम करणाऱ्या नर्सकडं महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असते.

पांढरा ड्रेस घातला म्हणून कुणी नर्स होत नाही. नोंदणी प्रमाणपत्र मागायला लाजू नये.

ठेवण्याआधी हे करा

१. आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याची प्रत घ्या. पोलीस पडताळणी झाली आहे का, ते विचारा.
२. आधी जिथं काम केलं, त्यातल्या दोन घरी फोन करा.
३. ब्युरोकडून पावती आणि लेखी करार घ्या. ड्युटी किती तासांची, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस मिळणार का, ॲडव्हान्स परत मिळतो का, हे त्यात असावं.
४. दागिने, पैसे, एटीएम कार्ड आधीच कुलपात ठेवा. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. उद्या एखादी वस्तू सापडली नाही तर गरीब बाईवर उगाच आळ यायला नको.

रोजच्या काळजीचे साधे निकष

कूस: झोपून असलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, रात्रीसुद्धा. एअर बेड आणला तरी हे चुकत नाही. शिवाय लाईट गेली की पंप बंद पडून बेड बसतो. माकडहाड, खुबा, टाचा, खांदे रोज उजेडात बघा. लालसर किंवा काळपट डाग बोटानं दाबल्यावर फिका होत नसेल, तर ती बेडसोअरची सुरुवात समजा. तिथं चोळू नका, हळद-कापूर भरू नका, नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा.

नाकातली नळी: डोक्याकडची बाजू उंच करूनच भरवावं आणि नंतर तासभर आडवं करू नये. नाकापाशी नळीवर खूण करून ठेवा. खूण सरकलेली दिसली, खोकला आला किंवा धाप लागली तर भरवणं थांबवून डॉक्टरांना कळवा.

लघवीची पिशवी: कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. नळी कधी बदलायची ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

हात: प्रत्येक कामाआधी आणि नंतर साबणानं धुतलेच पाहिजेत. हातमोजे घातले तरी.

पडणं: संडास-बाथरूमच्या वाटेवर रात्री दिवा हवा. फरशी कोरडी हवी, धरायला दांडी हवी.

इंजेक्शन, सलाईन आणि इन्सुलिन

अशक्तपणा वाटला की "घरीच एक सलाईन लावा" ही गावाकडची जुनी सवय आहे. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय घरी सलाईन नको. इंजेक्शनचा पहिला डोस तर दवाखान्यातच घ्यावा. रिॲक्शन आली तर घरी त्यावरचं औषध नसतं.

इन्सुलिनची चूक सगळ्यात धोक्याची. बाटलीवर ४० किंवा १०० असा आकडा असतो. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं, तर अडीचपट डोस जातो. साखर एकदम उतरून पेशंट बेशुद्ध पडू शकतो. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग घरच्या एका माणसानं स्वतः जुळवून बघावा.

वापरलेल्या सुया केरात किंवा उकिरड्यावर टाकू नका. झाकणाच्या जाड डब्यात साठवा आणि कुठं द्यायच्या ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

ऑक्सिजन असेल तर

त्या खोलीत चूल, गॅस, उदबत्ती, बिडी काही नको. ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. भारनियमन असणाऱ्या गावात जोडीला भरलेलं सिलेंडर हवंच.

दहा रुपयांची वही

औषध किती वाजता दिलं, लघवी किती झाली, ताप-बीपी-साखर किती, कूस कधी बदलली, हे काळजीवाहकानं लिहायचं. संध्याकाळी घरच्यांनी वाचून सही करायची. लांब राहणाऱ्या मुलांनी रोज पानाचा फोटो मागवावा. दुसऱ्या दिवशी नवीन मावशी आली तरी वही बघून तिला सगळं कळतं, आणि डॉक्टरांनाही अंदाजानं सांगावं लागत नाही.

गावातल्या घरात अशी नियमानं सेवा होत नाही असं वाटत असेल, तर गडचिरोलीचं उदाहरण आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यामागं होतं नीट शिक्षण, ठरलेल्या भेटी, लिहिलेल्या नोंदी आणि वरून देखरेख. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्याची मुळं तिथं आहेत.

मावशीचीही बाजू बघा

चोवीस तास जागं राहून कुणीच नीट सेवा करू शकत नाही. झोप, वेळेवर जेवण, आठवड्याची सुट्टी आणि ठरल्या तारखेला पगार मिळाला पाहिजे. जड पेशंट उचलायला दुसरं माणूस द्या. ही सेवा करणाऱ्या कितीतरी बाया आपल्याच तालुक्यांतून शहरात गेलेल्या आहेत, हे विसरू नये.

मदत आणि तक्रार

- ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी भेट देण्याची आणि घरच्यांना शिकवण्याची तरतूद आहे. उपकेंद्रात किंवा आशाताईंकडं नाव नोंदवा.
- ७० वर्षांवरील सर्वांना मिळणारं आयुष्मान कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं. घरी ठेवलेल्या मावशीचा पगार त्यातून मिळत नाही.
- पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. म्हणूनच पावती जपा.
- ज्येष्ठांचा छळ होत असेल किंवा त्यांना टाकून दिलं असेल तर एल्डरलाईन १४५६७. तातडीनं पोलीस हवे असतील तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

हे चारही नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रात्री दोनला मोबाईलमध्ये शोधत बसायला वेळ नसतो.